जुनी लेक्सस की जुनी अक्युरा? वाचक विचारतात

मागच्या महिन्यात या सदरात मी जाताजाता एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत नवी कोरी साधी गाडी घेण्यापेक्षा आठ-दहा वर्षं जुनी पण नीट ठेवलेली जपानी लक्झरी सेडान, म्हणजे टोयोटाची लेक्सस किंवा होंडाची अक्युरा असली, मला कधीही चालेल. त्यावर एवढी पत्रं आली की बायको म्हणाली आता महिनाभर हेच करत बसा. त्यातली पाच निवडलीत. आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, सत्तावीस वर्षं न्यू जर्सीत राहून नऊ जुन्या गाड्या घेतलेला आणि त्यातल्या दोनांत व्यवस्थित फसलेला माणूस आहे, सल्ला तेवढ्याच वजनाने घ्या.

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही एडिसनला राहतो. एक कोरोला आहे पण बायकोलाही आता जॉब लागला त्यामुळे दुसरी गाडी हवीच. बजेट टॅक्स धरून सोळा हजार. दोन गाड्या बघितल्यात, दोन्ही डीलरकडे. एक २०१५ ची लेक्सस ईएस ३५०, ९२ हजार मैल, १४,५०० डॉलर. दुसरी २०१६ ची अक्युरा टीएलएक्स व्ही-सिक्स, ७१ हजार मैल, १३,८००. मला टीएलएक्स जाम आवडलीय, चालवायला भारी आहे, मैल कमी आणि वर सातशे डॉलर स्वस्त. बायको म्हणते लेक्सस ती लेक्सस. जूनमध्ये आईबाबा सहा महिन्यांसाठी येतायत. काय करू? – दोन्हीकडून ऐकून घेणारा, एडिसन

उत्तर : अरे, बायको बरोबर आहे. पण लेक्सस ती लेक्सस हे तिचं कारण असेल तर ते सोड, खरं कारण मागच्या सीटवर आहे. २०१३ मध्ये माझे आईबाबा आले होते तेव्हा माझ्याकडे अक्युरा टीएल होती, म्हणजे तुझ्या टीएलएक्सची थोरली बहीण, आणि आम्ही मोठ्या हौसेने नायगाराला निघालो. बाबा काही सहा फुटी नव्हेत, पाच आठ. बिंगहॅम्टन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, तिथे रेस्ट एरियात उतरले आणि दाराला धरून नुसते उभे राहिले. आई म्हणाली काय झालं, तर म्हणाले गुडघे आहेत की मागे राहिले ते बघतोय. परत येताना ते पुढे बसले आणि मागे बसून आईची कंबर धरली. टीएलएक्सला मागे पाय ठेवायला साडेचौतीस इंच जागा आहे, ईएसला चाळीस. २०१३ पासून ईएस टोयोटा अ‍ॅव्हलॉनच्या लांब व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतल्या जास्त अंतरावर, बनवायला लागले त्यामुळे ही जागा मिळाली. साडेपाच इंच कागदावर काहीच वाटत नाहीत, सात तासांच्या प्रवासात तेच सगळं असतं. तू टेस्ट ड्राइव्ह घेतलीस तेव्हा मागे बसून बघितलंस का? नाही ना. कोणीच बघत नाही.

आता पैसे. तू म्हणतोस टीएलएक्स सातशेने स्वस्त, तर ती नाहीये. होंडाच्या या ३.५ लिटर व्ही-सिक्सला टायमिंग बेल्ट असतो, रबरी पट्टा, आणि तो मेकॅनिक लोक साधारण एक लाख मैलांना किंवा सात वर्षांनी बदलायला सांगतात, जे आधी होईल ते. मैल ७१ हजारच आहेत म्हणून तू खूश आहेस पण गाडी २०१६ ची आहे, म्हणजे वर्षांच्या हिशोबाने पट्टा कधीच संपलाय. बदललाय का हे डीलरला विचार आणि तोंडी उत्तर घेऊ नकोस, पावती माग. पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. पट्टा, वॉटर पंप, टेन्शनर, मजुरी धरून हजार-बाराशे डॉलर कुठे गेले नाहीत. लेक्ससच्या इंजिनला साखळी आहे, तो खर्च मुळात नाहीच. त्यात आणखी गॅस. २०१५ ची ईएस ३५० साध्या रेग्युलरवर चालते, टीएलएक्सला कंपनी प्रीमियम सांगते. आपल्या जर्सीत तर स्वतः भरताही येत नाही, तो पोऱ्या खिडकीशी येऊन विचारतो आणि प्रत्येक वेळी तोंडाने प्रीमियम म्हणावं लागतं, ते जास्त लागतं मनाला. वर्षाला बारा हजार मैल धर, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धर, ४८० गॅलन झाले, गॅलनमागे ऐंशी-नव्वद सेंट जास्त, म्हणजे दर वर्षी चारशे डॉलर. झाली का स्वस्त?

आणि तिसरी गोष्ट, त्या टीएलएक्सचा नऊ स्पीडचा गिअरबॉक्स. २०१५ चं मॉडेल म्हणून ही गाडी नवी आली तेव्हापासून व्ही-सिक्सवाल्यांच्या तक्रारी आहेत, हळू चालवताना झटके देतो, गिअर पडताना अडखळतो. नंतर सॉफ्टवेअर अपडेट आले, बऱ्याच गाड्या सुधारल्या, पण सगळ्या नाहीत. तू बहुतेक ती हायवेवर पळवून बघितलीस, तिथे ती मस्तच वाटणार, २९० हॉर्सपॉवर आहे. तिला शनिवारी संध्याकाळी ओक ट्री रोडवर घेऊन जा. पटेलच्या दुकानापुढे डबल पार्क केलेल्या गाड्यांमधून दहा-वीस मैलांच्या स्पीडने थांबत थांबत चालव, तेही सकाळपासून बंद असलेलं थंड इंजिन स्वतः सुरू करून. डीलर आधीच गरम करून ठेवतात. ओक ट्री रोडवर झटका लागला नाही तर तो गिअरबॉक्स ठीक आहे.

एवढं सगळं ऐकून लगेच लेक्ससचे पैसे भरायला जाऊ नकोस, कारण ९२ हजार मैल आहेत आणि तिचंही वय दिसतं. या ३.५ लिटर इंजिनचा वॉटर पंप गळतो, हे सगळ्या टोयोटावाल्यांना माहितीय. बॉनेट उघडून बेल्टच्या बाजूला टॉर्च मार, टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं, ते गळून वाळलं की गुलाबीसर पांढरी खपली धरते, आपल्याकडे नळाला क्षार साठतात ना तसं. ती दिसली तर पंप गेलाय किंवा जायच्या वाटेवर आहे, तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग. टायमिंग कव्हरच्या कडेने तेल पाझरतंय का तेही बघायला सांग, ते काम मात्र महाग आहे, तिथे फार ओलं दिसलं तर ती गाडी सोड, दुसरी ईएस मिळेल. आणि चारही टायर कुठल्या कंपनीचे आहेत बघ. चार वेगवेगळ्या, नावही न ऐकलेल्या कंपन्यांचे स्वस्त टायर लावले असतील तर आधीच्या मालकाने तेलही तसंच बदललं असणार. हा माझा जुना आडाखा आहे, एकदाच चुकलाय.

बघायला सांग म्हणजे कोणाला, तर डीलरच्या माणसाला नाही. शंभर-दोनशे डॉलर घेऊन बाहेरचा मेकॅनिक लिफ्टवर चढवून गाडी तपासून देतो, ते कर. तपासायला बाहेर नेऊ देत नाही म्हणणारा डीलर असेल तर तिथून सरळ निघायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. इथे आपल्या लोकांचे दोन गैरसमज आहेत. एक, काचेवर इन्स्पेक्शनचा स्टिकर आहे म्हणजे गाडी चांगली. जर्सीत ऑगस्ट २०१० पासून साध्या गाड्यांची फक्त धुराची तपासणी होते, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन कोणी बघतच नाही, स्टिकर नवा कोरा आणि ब्रेक पॅड बिस्किटाएवढे हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसरा, लेमन लॉ, म्हणजे बिघाडाची गाडी गळ्यात मारण्याविरुद्धचा कायदा, आहे ना, मग कसली भीती. जुन्या गाड्यांचा लेमन लॉ जर्सीत आहे, डीलरकडून घेतलेल्या गाडीला मैलांप्रमाणे ३०, ६० किंवा ९० दिवसांची वॉरंटी द्यावी लागते, पण गाडी सात मॉडेल-वर्षांपेक्षा जुनी नसेल आणि एक लाख मैलांच्या आत असेल तरच. तुझ्या दोन्ही गाड्या त्या सातच्या बाहेर गेल्यात. खिडकीवर जो बायर्स गाइडचा कागद लावलेला असतो त्यावर अ‍ॅज इज या खान्यात खूण असणार, म्हणजे गेटबाहेर पडल्यावर तू आणि तुझं नशीब.

हिशोबही आत्ताच करून ठेव. १४,५०० वर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स म्हणजे ९६० डॉलर, वर डॉक फी म्हणजे कागदपत्रांचे म्हणून डीलर पाचशे-सहाशे लावणार, रजिस्ट्रेशन वेगळं, तू सोळा हजारांवर आत्ताच पोचलास आणि खिशात टायरलाही पैसे उरले नाहीत. म्हणून गाडीच्या किमतीवर भांडू नकोस, सगळं धरून दाराबाहेर पडायची किंमत किती ते विचार, आणि पंधराच्या वर जाऊ नकोस. मग सहीच्या वेळी आतल्या खोलीत एक गोड बोलणारा माणूस बसवतात, तो एक्स्टेंडेड वॉरंटी, रंगाचं कोटिंग, काचेवर नंबर कोरणं असलं काय काय विकतो, त्याला नको म्हणायचं, तो परत विचारेल, परत नको म्हणायचं, लग्नात जिलेबी वाढणाऱ्याला म्हणतो तसं, ताटावर हात आडवा ठेवून.

प्रश्न : सर, मुलगी ऑस्टिनला कॉलेजला आहे, तिच्यासाठी २००८ ची अक्युरा टीएल बघतोय, १ लाख ४८ हजार मैल, घरगुती मालक साडेपाच हजार मागतोय. तो म्हणतो टायमिंग बेल्ट झालाय. डॅशबोर्डला एक भेग आहे. एवढी जुनी घ्यावी का? – एक बाप, ह्यूस्टन

उत्तर : टीएल निघाली की मी जरा हळवा होतो, कारण माझी ती २००४ ची होती, म्हणजे याच तिसऱ्या पिढीतली, २००४ ते २००८. माझ्या मते अक्युराने त्यानंतर एवढी देखणी गाडी केली नाही. २००९ च्या गाडीला तर पुढे अशी चोच बसवली की लोक तिला बघून रस्ता बदलायचे. तर हो, २००८ ची घेण्यासारखी आहे. याच्या आधीच्या पिढीत, १९९९ ते २००३, गिअरबॉक्स इतके गेले की होंडाला वॉरंटी वाढवून द्यावी लागली, आणि २००२-०३ च्या टीएलमध्ये फुगताना फुटून धातूचे तुकडे उडवणाऱ्या टकाटा एअरबॅगचा सगळ्यात धोकादायक प्रकार होता, २०१६ मध्ये सरकारने या गाड्या दुरुस्त होईपर्यंत चालवूच नका असं सांगितलं. त्या वर्षांची कोणी फुकट दिली तरी आधी व्हिन नंबर टाकून रिकॉल तपासा, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्त करायला ती परत बोलावलीय का ते. सरकारच्या रस्ता सुरक्षेच्या खात्याकडे, एनएचटीएसएकडे, ते फुकट बघता येतं, १७ अक्षरी नंबर असतो, ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खाली.

आता तो झालाय म्हणालेला बेल्ट. मी माझी टीएल २०११ मध्ये एका डीलरकडून घेतली, ९८ हजार मैलांवर, आणि त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं बेल्ट गेल्याच वर्षी केलाय, कागद ऑफिसात आहेत, मेल करतो. मेल काही आली नाही. दोन महिन्यांनी ऑइल बदलायला गेलो तर आमच्या मेकॅनिकने, गुयानाचा माणूस आहे, त्याचे आजोबा-पणजोबा कुठूनतरी बिहारातून गेलेले, वरच्या कव्हरचे चार बोल्ट काढले, कव्हर बाजूला केलं आणि म्हणाला ये बघ. पट्ट्याला बोटाने वाकवल्यावर त्यावर बारीक बारीक भेगा उघडत होत्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. सात वर्षांचा पट्टा, कंपनीतून आला तोच. हे इंजिन असं आहे की पट्टा चालता तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, मग इंजिनच गेलं समजा. ती संध्याकाळ मी गाडी तिथेच ठेवून बसने घरी आलो. तर तुम्हाला एवढंच करायचंय, मालकाला म्हणा पावती दाखव, नाही तर वरचं कव्हर उघडून बघू दे. पंधरा मिनिटांचं काम आहे, खरं बोलणारा माणूस नाही म्हणणार नाही. पट्टा जुना निघाला तर साडेपाचातून हजार वजा करा.

डॅशबोर्डच्या भेगेचं काही नाही, या टीएलना ती रोगासारखी होते, त्यात टेक्ससचं ऊन, वरून कव्हर मिळतं, ते टाका. त्यापेक्षा दुसरी गंमत बघा. या गाड्यांत फोनसाठी ब्लूटूथची एक पेटी छतात असते, आरशाच्या वर, लाइटांच्या त्या पॅनेलमागे. ती बिघडली की गाडी बंद असतानाही चालूच राहते आणि रात्रभर बॅटरी पीत बसते. मुलगी सकाळी परीक्षेला निघाली आणि गाडी सुरूच होईना, तर बिचारी बॅटरी बदलेल, महिन्याने परत तेच. गाडी दोन तास बंद ठेवून मग त्या पॅनेलला हाताचा तळवा लावा. कोमट लागलं तर पेटी गेलीय. उपाय अगदी साधा, तिची वायर काढून टाकायची, ब्लूटूथ जाईल, जाऊ दे. पॉवर स्टिअरिंगचा पंप गळतोय का तेही बघून घ्या, गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं आणि ती म्हशीसारखी कण्हली तर पंपाजवळ तेल कमी असणार.

तुम्ही ह्यूस्टनला आहात म्हणून मुद्दाम लिहितोय. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा तिकडे गाड्या बुडाल्या, आमच्याकडे सप्टेंबर २०२१ मध्ये इडाने तेच केलं, आणि बुडालेल्या गाड्या दुसऱ्या राज्यात नेऊन कोऱ्या कागदांवर विकायचा धंदा जुना आहे. कारफॅक्सवर, म्हणजे गाडीचा इतिहास विकत मिळतो त्या रिपोर्टमध्ये, काही नाही म्हणजे काही झालंच नाही असं नसतं, इन्शुरन्सकडे क्लेम गेला नाही तर तिथे नोंद कुठून येणार. मागच्या सीटचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढा. धुणारा माणूस सीट धुतो, कार्पेट बदलतो, पण गुंडाळलेला पट्टा आतून कोण धुणार? त्यावर मातीची आडवी रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. डिकीत स्टेपनी काढून त्या खड्ड्यात बोट फिरवा, गाळ लागतो का. आणि आत बसल्याबसल्या फार सुवासिक वाटलं तर मला तरी संशय येतो.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ज्याचं नाव आहे तोच माणूस समोर उभा आहे ना, त्याचं लायसन्स बघा. मित्राची गाडी आहे, मी विकून देतोय, हे ऐकलं की फोन खाली ठेवायचा.

प्रश्न : दादा, इन्फिनिटी जी-३७ घेऊ का, २०११ ची, सात हजार, आवाज एकदम कडक आहे – फ्रीमाँटचा बॅचलर

उत्तर : आवाज कडक आहे म्हणतोस तिथेच मला शंका आली. कंपनीतून तो एवढा कडक नसतो, म्हणजे आधीच्या मालकाने एक्झॉस्ट किंवा इनटेक बदललाय, आणि कॅलिफोर्नियात स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या तपासणीत, पार्टही बघतात, परवानगी नसलेला पार्ट दिसला तर धूर कितीही स्वच्छ असो नापास. तिकडे विकणाऱ्यानेच स्मॉग सर्टिफिकेट द्यायचं असतं, ते हातात पडल्याशिवाय एक डॉलर देऊ नको. गाडी म्हणून बोलायचं तर ही यादीतली सगळ्यात मजेदार, मागच्या चाकांवर चालणारी, ३२८ हॉर्सपॉवर, जपानात हीच निस्सान स्कायलाइन म्हणून विकली गेली. पण या इंजिनात ऑइलच्या वाटेवर एक पातळ गॅस्केट आहे, ते फुटलं की ऑइल प्रेशर पडतं आणि ते बदलायला इंजिनचा पुढचा भाग सगळा उघडावा लागतो, गॅस्केट काही डॉलरांचं आणि मजुरी हजारांत. इंजिन चांगलं गरम करून सिग्नलला उभं राहिल्यावर ऑइल प्रेशर मोजून घे, मेकॅनिककडे त्याचं मीटर असतं. आणि पंचविशीच्या आतला असशील तर इन्शुरन्सचा आकडा आधी काढ, नंतर नको.

प्रश्न : आमचे सासरे म्हणतात लेक्सस म्हणजे कॅमरीला पैठणी नेसवलेली, फुकट जास्त पैसे कशाला घालवताय. खरं का? – शिकागोची सून

उत्तर : सासरेबुवा पन्नास टक्के बरोबर आहेत, त्यांना एवढं कळवा, बाकीचे पन्नास मी खाली लिहितो ते तुमच्या सोयीने वाचून दाखवा.

गोष्ट अशी की १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने मान्य केलं की वर्षाला १६ लाख ८० हजारांपेक्षा जास्त गाड्या अमेरिकेला पाठवणार नाही. आता गाड्या मोजूनच पाठवायच्या तर स्वस्त कशाला पाठवा, महाग पाठवा, प्रत्येकीमागे नफा जास्त. आपला हापूसवाला पेटी एकच नेता येणार असेल तर त्यात रायवळ भरेल का? मग १९८६ ला होंडाने अक्युरा काढली, १९८९ ला टोयोटाने लेक्सस आणि निस्सानने इन्फिनिटी. नवी नावं यासाठी की होंडा, टोयोटा म्हटल्यावर अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे छोटी, स्वस्त, पेट्रोल वाचवणारी गाडी यायची. घरी जपानात हा नावांचा खेळच नव्हता, ईएस तिथे टोयोटा विंडम म्हणून विकायचे आणि लेक्सस हे नाव तिथे २००५ मध्ये गेलं. अक्युरा हे नाव तर तेव्हाही तिथे गेलं नाही. आणखी मजा म्हणजे १९९९ पासूनची टीएल आणि नंतरची टीएलएक्स या जपानी गाड्या ओहायोमध्ये मेरीसव्हिलला बनायच्या. ईएस मात्र २०१५ च्या शेवटापर्यंत फक्त जपानातून यायची, मग केंटकीतही बनायला लागली, व्हिन नंबर जे अक्षराने सुरू होत असेल तर ती जपानातून आलेली.

आता पैठणीचं. पहिली ईएस २५०, १९८९ ची, ती खरंच कॅमरीच होती, थोडी सजवलेली, आणि आजही इंजिन, गिअरबॉक्स, खालचं बरंचसं टोयोटाचंच असतं. पण मी तर म्हणतो जुनी घेणाऱ्याला हेच पाहिजे! पार्ट टोयोटाच्या भावात मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात लावतो, जर्मन गाडीसारखं प्रत्येक वेळी त्यांच्याच देवळात जावं लागत नाही. वर काय मिळतं, तर आतला आवाज कमी, सीट चांगल्या, कातडं चांगलं, दार लावताना येतो तो थप्प आवाज. आणि मुख्य म्हणजे पहिला मालक. ईएस नवी घेणारा माणूस बहुतेक वेळा रिटायर्ड असतो, गॅरेजमध्ये ठेवतो, दर पाच हजार मैलांना डीलरकडेच नेतो, पावत्या फाइलला लावतो. त्याच वयाची, तेवढ्याच मैलांची कॅमरी कोणी उबरला चालवलीय ते तुम्हाला कळणारही नाही. मी लोगोचे जास्त पैसे देत नाही, त्या म्हाताऱ्याच्या फाइलचे देतो.

एक मात्र बघा. २००७ ते २०१० ची ईएस घेत असाल तर ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट कुठला आहे ते बघा. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ डीलरने तात्पुरत्या वापराला दिलेली एक ईएस ३५० थांबेचना आणि चौघे गेले, तिच्यात दुसऱ्या मॉडेलचा जाड रबरी मॅट टाकलेला होता आणि अ‍ॅक्सिलरेटर त्यात अडकला होता. त्यानंतर पेडल कापून द्यायचा रिकॉल झाला. लोक बर्फासाठी कुठलेही मॅट आणून एकावर एक टाकतात, शिकागोत तर हमखास. तो एकच असू दे आणि हुकात अडकवलेला असू दे. त्याच पिढीत इंजिनच्या ऑइलची एक रबरी नळी फुटायची, ती बदलून धातूची केलीय का तेही मेकॅनिकला विचारा.

प्रश्न : आम्ही प्रिन्स्टनहून कायमचे पुण्याला परत चाललोय. २०१६ ची ईएस ३०० एच आहे, हायब्रिड, पहिल्यापासून आमच्याकडेच, ८४ हजार मैल. ह्यांना ती सोडवत नाही. कंटेनरमध्ये घालून नेता येईल का? पुण्यात लेक्सस दिसतात म्हणे आता. – बॅगा भरणारी

उत्तर : ताई, नाही. इथलं स्टिअरिंग डावीकडे, भारतात जुनी गाडी आणायची तर ते उजवीकडे पाहिजे आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, दोन्हीकडून तुमची गाडी बाद. समजा नियम नसता तरी कस्टम्स ड्यूटी गाडीच्या किमतीहून जास्त झाली असती. पुण्यात दिसतात त्या वेगळ्या, लेक्सस भारतात २०१७ ला आली आणि ईएस ३०० एच तर २०२० मध्ये बंगळूरजवळ बिडदीला जोडायला लागले. ह्यांना तिकडे जाऊन तीच सेकंडहँड बघायला सांगा, फक्त ईएस किती खाली आहे ते लक्षात ठेवून आपल्या सोसायटीचा स्पीडब्रेकर आधी मोजून या, कर्वेनगरात माझ्या भावाच्या गल्लीतला जो आहे त्यावर तर कॅमरीही घासते.

इथली मात्र डीलरला ट्रेड-इनमध्ये देऊ नका, तो तुमच्या घाईचा फायदा घेईल. स्वतः विका. सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा, दोन्ही किल्ल्या शोधून ठेवा, हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते, ती व्हॅक्यूम करून घ्या, बघणारा जाणकार असेल तर तो पहिली तीच बघतो. तेल बदलून नवा स्टिकर लावून ठेवला तर अजून बरं. आणि जाहिरात टाकायच्या आधी मला संपादकांमार्फत एक ओळ लिहा. वर तो एडिसनचा मुलगा आहे ना, त्याला बजेट जरा ताणावं लागेल पण गॅलनला चाळीसच्या आसपास देते म्हटल्यावर तो ताणेल, आणि त्याची बायको तर आधीच तयार आहे.